१३७ वर्षं बिनपरवाना!

समजा, एखाद्या बिल्डरने १८८२ साली बांधकाम सुरू केलं आणि त्याच्या हातात परवाना पडला २०१९ साली. आपल्याकडे याला अनधिकृत बांधकाम म्हणतात. नोटीस येते, हातोडा येतो, मागोमाग नगरसेवक येतो आणि हातोडा परत जातो. बार्सिलोनात याला ‘सग्रादा फामिलिया’ म्हणतात, आणि ते बघायला वर्षाला पंचेचाळीस लाखांहून जास्त माणसं येतात. तिकीट काढून!

सग्रादा फामिलिया म्हणजे पवित्र कुटुंब. येशू, मेरी आणि जोसेफ. फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. समुद्रकाठी मुलं ओल्या वाळूचे थेंब टाकून टाकून किल्ला करतात ना, तसे निमुळते होत गेलेले मनोरे आणि शेजारी हमखास एक पिवळी क्रेन. युरोपात फिरून आलेल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये तो असतोच. फक्त क्रेन दर वेळी वेगळ्या जागी!

खरं सांगायचं तर मला गाइडेड टूर या प्रकाराची जाम अ‍ॅलर्जी आहे. पुढे छत्री उंच धरून चालणारी बाई, मागे कानात यंत्र अडकवलेली तीस माणसं, आणि ‘नाऊ लुक टू युअर लेफ्ट’ म्हटलं की सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे. पण २०२५च्या नोव्हेंबरात बार्सिलोनाला गेलो तेव्हा बरोबरच्या मैत्रिणीने हट्टच धरला. ‘अगं, वेरूळला गाइड न घेता गेलीस तर काय दिसतं? खांब, मूर्ती आणि वटवाघळं. इथे तर मूर्ती कोणाच्या तेही आपल्याला ओळखता येणार नाही.’ मुद्दा बिनतोड होता. गाइडसकट तिकीट तीसेक युरो, म्हणजे माणशी तीन हजार रुपये. पैसे भरताना हात थोडा थरथरलाच. पण काय करणार, तिथवर गेल्यावर बाहेरूनच फोटो काढून परतणारे लोकही असतात, आणि त्यांच्या पंगतीत बसायचं नव्हतं.

आमची गाइड पन्नाशीतली. कापलेले पांढरे केस, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात ओळखपत्र. छत्री नाही! ग्रुप छोटा होता. एक कोरियन जोडपं, चार जणांचं ब्राझिलियन कुटुंब, रिटायर झालेला एक अमेरिकन इंजिनीअर आणि आम्ही दोघी. पहिल्याच मिनिटाला तिने एक गोष्ट स्पष्ट केली. ‘याला कथीड्रल म्हणू नका. बार्सिलोनाचं कथीड्रल वेगळं आहे, जुन्या गावात. हे बॅसिलिका. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ७ नोव्हेंबर २०१० रोजी इथे येऊन त्याला तो मान दिला. त्याआधी सव्वाशे वर्षं ही नुसती बांधकामाची साइट होती.’

तर ही साइट सुरू केली कोणी? राजाने नाही, बिशपनेही नाही. जोसेप मारिया बोकाबेया नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने. धार्मिक पुस्तकं विकणारा, अतिशय भाविक माणूस. शहरात कारखाने आलेत, लोक देवाला विसरलेत, तेव्हा सगळ्यांच्या पापांचं प्रायश्चित्त म्हणून एक चर्च उभारायचं, आणि तेही फक्त देणग्यांवर, असा त्याचा संकल्प. १९ मार्च १८८२ रोजी पहिला दगड बसला. पहिल्या आर्किटेक्टचं वर्षभरात बिनसलं आणि तो सोडून गेला. त्याच्या जागी आला आंतोनी गाउदी, वय वर्षं एकतीस. आपल्यातले बरेच जण एकतिसाव्या वर्षी एमबीए करावं की स्टार्टअप काढावं या पेचात असतात. या माणसाने त्या वयात हातात घेतलेलं काम मरेपर्यंत, म्हणजे पुढची त्रेचाळीस वर्षं केलं, आणि ते आपल्या हयातीत पुरं होणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मेला तोही चटका लावणाऱ्या पद्धतीने. ७ जून १९२६ रोजी संध्याकाळी चालत निघालेला असताना ट्रामने त्याला उडवलं. अंगावर इतके जुनेपुराणे कपडे की लोकांना वाटलं, कोणी भिकारी असेल. शहरातला सगळ्यात मोठा आर्किटेक्ट गोरगरिबांच्या हॉस्पिटलमध्ये बेवारस म्हणून दाखल झाला. कोण आहे ते कळेपर्यंत उशीर झाला होता. १० जूनला तो गेला. त्याला पुरलंय याच चर्चच्या तळघरात. तोपर्यंत आजच्या अठरा मनोऱ्यांच्या आराखड्यातला पुरता बांधून झालेला मनोरा होता फक्त एक.

टूर सुरू होते पूर्वेच्या दर्शनी भागापासून, जिथे येशूच्या जन्माचे प्रसंग कोरलेत. हा भाग बराचसा गाउदीच्या डोळ्यांदेखत झालेला. आणि बॉस, इथे डोळे थकतात! पानं, फुलं, पक्षी, सरडे, वाजंत्री देवदूत… रिकामी अशी बोटभर जागा नाही. दाराच्या दोन बाजूंच्या खांबांखाली दोन कासवं आहेत. समुद्राच्या बाजूला समुद्री कासव, डोंगराच्या बाजूला जमिनीवरचं. आपल्याकडे देवळात शिरताना कासवाला हात लावायची सवय, त्यामुळे माझा हात आपोआप पुढे गेला, पण मध्ये कठडा होता.

मग गाइडने जे सांगितलं, त्यासाठी ते तीन हजार रुपये मला कमी वाटले. गाउदीला पुतळ्यांसाठी खरी माणसं लागायची. मॉडेल एजन्सी वगैरे भानगड तेव्हा नव्हती, तेव्हा त्याने आजूबाजूच्या वस्तीतलीच माणसं धरून आणली. हेरोदच्या हुकमावरून तान्ह्या बाळांना मारणारा रोमन शिपाई आहे ना, त्याच्या पायाला सहा बोटं आहेत. का? तर ज्या गुत्त्यातल्या माणसाचा साचा घेतला, त्याच्या पायाला सहा होती. पाँटियस पायलटसाठी शेळ्या वळणारा कोणी एक जण पसंत पडला. येशूच्या कुटुंबाला इजिप्तला नेणाऱ्या गाढवासाठी मोहल्ल्यातलंच एक गाढव आणलं, पट्ट्यांनी उचलून टांगून ठेवलं आणि त्याच्या अंगावर प्लॅस्टर थापलं. कोंबड्यांना तर म्हणे क्लोरोफॉर्म देऊन झोपवायचे! या गोष्टी गाइड मंडळी थोड्या रंगवून सांगत असणार, पण सहा बोटं मी स्वतः मोजायचा प्रयत्न केला. मान दुखेपर्यंत.

‘म्हणजे माझ्या आजोबांच्या पिढीचे शेजारी तिथे वर आहेत,’ गाइड म्हणाली. ‘मी याच वस्तीत जन्मले. इतर गावांतल्या लोकांकडे फॅमिली अल्बम असतात. आमच्याकडे हा आहे.’

तिचं हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आत शिरलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. आतलं वर्णन करणं कठीण आहे, कारण चर्च म्हणजे काळोख, मेणबत्त्या आणि गंभीर चेहरे असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे आपण जंगलात शिरतो. खांब सरळसोट वर जात नाहीत. थोडे कललेले असतात, आणि बऱ्याच उंचीवर गेल्यावर झाडासारख्या त्यांना फांद्या फुटतात. त्या फांद्या छत तोलून धरतात. मधल्या भागाचं छत पंचेचाळीस मीटरवर. म्हणजे साधारण पंधरा मजली बिल्डिंग आतून पोकळ करून तुम्हाला तळमजल्यावर उभं केलंय असं समजा. खांबांचे दगडही वेगवेगळे. जितका भार जास्त, तितका दगड कठीण. साध्या वाळूच्या दगडापासून सुरुवात, मग ग्रॅनाइट, मग बेसॉल्ट, आणि मधोमधचे चार सगळ्यात जाड खांब लालसर पॉरफिरीचे. बेसॉल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पत्थरच की! उगाच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

झाडाचं हे गणित गाउदीने कसं मांडलं, ते आमच्या अमेरिकन इंजिनीअरने उत्साहाने समजावलं (गाइडनेही त्याला बोलू दिलं, हे विशेष). साखळी दोन टोकांना धरून लटकवली की ती स्वतःच्या वजनाने एक आकार घेते. तोच आकार उलटा केला की दगडाची सगळ्यात भक्कम कमान होते. गाउदीने एका दुसऱ्या चर्चसाठी दोऱ्यांना वजनाच्या छोट्या छोट्या पिशव्या बांधून आख्खी इमारत छताला उलटी टांगली होती, आणि तिचे फोटो काढून ते उलटे धरून बघत बसायचा! कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी. जुन्या गॉथिक चर्चना भिंती बाहेर ढकलल्या जाऊ नयेत म्हणून बाहेरून दगडी टेकू द्यावे लागायचे. इथे खांबच कललेले असल्यामुळे टेकूची गरजच नाही.

पण हे सगळं नंतर आठवतं. आत उभं असताना फक्त उजेड असतो. खिडक्यांच्या रंगीत काचा जोआन विला-ग्राउ या कलाकाराच्या. १९९९ पासून त्याने त्या करायला घेतल्या. पूर्वेला निळ्या-हिरव्या, पश्चिमेला पिवळ्या, केशरी, लाल. सकाळी गेलात तर पाण्याखाली असल्यासारखं वाटतं म्हणे. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबरचं उतरतं ऊन होतं, आणि पश्चिमेच्या काचांमधून ते थेट आडवं आत आलं. कोरियन मुलीचा पांढरा कोट बघता बघता नारिंगी झाला. ब्राझिलियन कुटुंबातला धाकटा पोरगा जमिनीवरच्या लाल चौकोनांवरून लंगडी घालायला लागला. त्याची आई ओरडणार, तेवढ्यात गाइड माइकवर म्हणाली, ‘आता पाच मिनिटं मी काही बोलणार नाही.’ आणि खट्कन बटण बंद केलं.

गाइडेड टूरमधला सगळ्यात उत्तम भाग कोणता, तर गाइडने गप्प बसणं! हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. कधी गप्प बसायचं ते कळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही ऑडिओ गाइडला जमत नाही. त्या पाच मिनिटांत माझी मैत्रीण, जी मोबाईलशिवाय जेवतसुद्धा नाही, खुर्चीवर मान मागे टाकून नुसती बसली होती.

बटण पुन्हा चालू झालं ते एका अवघड विषयावर. हे सगळं गाउदीचं आहे का? नाही. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा चर्चविरोधी जमावाने तळघर पेटवलं, वर्कशॉप फोडलं. गाउदीची ड्रॉइंग्ज जळाली, प्लॅस्टरच्या प्रतिकृतींचे तुकडे झाले. नंतरच्या आर्किटेक्टांनी ते तुकडे जोडत, छापील चित्रं बघत, उरलेला अंदाज बांधत काम पुढे नेलं. मग वाद तर होणारच. ‘गाउदी मेला तेव्हाच थांबायला हवं होतं’ असं म्हणणारे बार्सिलोनात खूप आहेत. गाइडचं मत वेगळं. तिच्या मते जुन्या काळी सगळीच मोठी चर्चेस तीन-चार पिढ्यांनी मिळून बांधली, तेव्हा कोणी विचारलं नाही की हा खांब नेमका कोणाचा.

मला तिचं पटलं. निदान पश्चिमेच्या बाजूला जाईपर्यंत. तिथे येशूच्या क्रूसावरच्या मरणाचे प्रसंग आहेत, जोसेप मारिया सुबिराक्सने १९८७ पासून केलेले. पूर्वेला जेवढी फुलं-पानं, तेवढीच इथे हाडं. कोनाकोनांची, चेहरा नसलेली माणसं. काहींना ती सॉलिड आवडतात. मला विज्ञानकथेतले यंत्रमानव आठवले. पण एक गंमत आहे. ज्यूडास येशूचं चुंबन घेतोय, त्या शिल्पाशेजारी सोळा घरांचा एक चौकोन कोरलाय. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, तेहतीसच येते. येशूचं मरतानाचं वय. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चौतिसा यंत्र आहे, तिथे बेरीज चौतीस, आणि १ ते १६ आकडे एकेकदाच येतात. सुबिराक्सला तेहतीस हवे होते, म्हणून त्याने १० आणि १४ दोनदा घेतले आणि १२ व १६ गाळून टाकले. मैत्रिणीने मोबाईलवर बेरजा करून खात्री करून घेतली. इंजिनीअरने तोंडी.

आणि मग या इंजिनीअरनेच तो प्रश्न विचारला. ‘आपण पूर्वेच्या दाराने आत आलो, पश्चिमेच्या दाराने बाहेर पडतोय. मग चर्चचा मुख्य दरवाजा कुठेय?’

गाइड एक क्षण थांबली. मग म्हणाली, ‘चला, दाखवते.’

मुख्य दरवाजा दक्षिणेला आहे. ब्राँझचा भव्य दरवाजा, त्यावर येशूने शिकवलेली प्रार्थना कातालान भाषेत, आणि ‘आजची भाकर आज दे’ ही ओळ पन्नास भाषांमध्ये. पण या दारातून कोणी येत-जात नाही, कारण पलीकडचा दर्शनी भाग अजून बांधायचाय. त्याच्यापुढे मायोर्का स्ट्रीट, साधा रहदारीचा रस्ता. चर्चची जमीन रस्त्याच्या बरीच वर. तेव्हा मुख्य दारातून लोकांनी यावं असं वाटत असेल, तर रस्त्यावरून पलीकडे उतरणारा भलामोठा जिना हवा. आणि जिथे तो उतरणार, तिथे आज काय आहे? बिल्डिंगी. लोकांची राहती घरं.

आता परवान्याच्या गोष्टीकडे या. चर्चच्या बाजूने १८८५ साली रीतसर अर्ज गेला होता. पण तेव्हा ही वस्ती बार्सिलोनात नव्हती. सांत मार्ती नावाचं वेगळं गाव होतं आणि त्याची वेगळी कचेरी होती. कचेरीने उत्तरच दिलं नाही. (सरकारी फाइल म्हणजे सरकारी फाइल, युरोपातली असली म्हणून काय झालं!) पुढे १८९७ साली ते गावच बार्सिलोनात विलीन झालं. चर्च वाढत राहिलं, कोणी विचारलं नाही. २०१६ साली महापालिकेला जाग आली. २०१८ साली तोडगा निघाला. चर्चने दहा वर्षांत ३ कोटी ६० लाख युरो शहराला द्यायचे, आसपासची वाहतूक, रस्ते वगैरे सुधारायला. आणि २०१९च्या जूनमध्ये ४६ लाख युरो फी भरून परवाना हातात पडला.

गाइड हे सांगत होती तेव्हा सगळे हसत होते. मीही. परवान्यात जिन्याचा प्रश्न सुटला नव्हता, हे तिने त्यानंतर सांगितलं. हसणं जरा कमी झालं.

चर्चवाले म्हणतात, जिना गाउदीच्याच मनात होता. रहिवासी विचारतात, त्याचा पुरावा कुठेय? पालिकेच्या १९७६च्या विकास आराखड्यात ही जागा मोकळी करण्याची सोय ठेवलेली, आणि नेमकं त्याच सुमारास तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या, फ्लॅट विकले गेले. किती कुटुंबं उठवावी लागतील, याचे आकडे बोलणाऱ्यागणिक बदलतात. कमीत कमी काही शे, तर काहींच्या हिशोबाने हजारभर. २०२४च्या मार्चमध्ये चर्चने जाहीर केलं की मधला मुख्य मनोरा २०२६ मध्ये, गाउदीच्या मृत्युशताब्दीला पुरा होईल, पण या बाजूची शिल्पं, सजावट आणि जिना यांचं काम २०३४ पर्यंत चालेल.

हे सगळं ऐकताना तुमच्या डोक्यात जे आलं, तेच माझ्याही आलं. काशी विश्वनाथाचा कॉरिडॉर २०२१ साली खुला झाला, त्यासाठी तीनशेच्या वर मिळकती घेतल्या गेल्या. २०२२ साली पंढरपूरच्या कॉरिडॉरचा विषय निघाला तेव्हा मंदिराभोवतीचे दुकानदार आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. देवाच्या दारात राहणाऱ्यांचा प्रश्न सगळीकडे सारखाच. देव मोठा झाला की शेजाऱ्यांना अडचण म्हणायला लागतात.

टूर संपली. हेडफोन परत करताना मी गाइडला विचारलं, ‘तुम्ही कुठे राहता?’

‘मी आता लांब राहते. इथलं भाडं परवडत नाही. तुम्हा लोकांमुळे,’ ती हसून म्हणाली, आणि तो नुसता विनोद नव्हता. २०२४च्या जुलैमध्ये बार्सिलोनात पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवून मोर्चा निघाला होता, तो जगभरच्या टीव्हीवर दिसला होता. ‘पण आई तिथे राहते.’ तिने मायोर्का स्ट्रीटच्या पलीकडच्या बाल्कन्यांकडे बोट केलं. वाळत घातलेले टॉवेल, कुंड्या, एका ठिकाणी सायकल. ‘चौथा मजला. ब्याऐंशी वर्षांची आहे. रोज सकाळी खिडकी उघडते आणि काम कुठवर आलंय ते बघते. गेल्या महिन्यात हे जगातलं सगळ्यात उंच चर्च झालं ना, तेव्हा तिने शेजारणींना कॉफीला बोलावलं होतं.’

ऑक्टोबर २०२५ मध्ये मधल्या मनोऱ्याने १६२.९१ मीटर गाठले आणि जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकलं. शेवटची उंची १७२.५ मीटर. मोंजुइकच्या टेकडीहून थोडीशी कमी, कारण माणसाचं काम देवाच्या कामापेक्षा उंच असू नये, असा गाउदीचा आग्रह.

‘मग त्यांना जिना नको असेल?’ मी विचारलं.

‘तिला चर्च पूर्ण झालेलं बघायचंय. आणि तिला घर सोडायचं नाहीये. दोन्ही. तुम्ही पत्रकार ना? मग यातलं एकच लिहू नका.’

म्हणून दोन्ही लिहितेय. आणि तिने न विचारलेलं माझं मतही. चर्चला नेमाने सरकारी पैसा मिळत नाही, ते तिकिटांवर आणि देणग्यांवर चालतं. २०२० साली कोरोनात पर्यटक बंद झाले तर काम रखडलं आणि २०२६ची आधी ठरलेली तारीख सोडून द्यावी लागली, इतकं ते आपल्यावर अवलंबून आहे. म्हणजे त्या जिन्याची एखादी पायरी माझ्या तीन हजारांतून होणार. मला ती नको आहे. पूर्वेची आणि पश्चिमेची दारं उघडी आहेत, आत उजेड पुरेसा आहे, आणि ज्या माणसाने गुत्त्यातल्या सहा बोटांच्या शेजाऱ्याला चर्चच्या भिंतीवर बसवलं, कामगारांच्या मुलांसाठी १९०९ साली त्याच आवारात शाळा बांधली, त्याच्या नावावर शेजाऱ्यांची घरं पाडणं मला पटत नाही. मैत्रिणीला माझं म्हणणं भावनिक वाटलं. तिच्या मते दीडशे वर्षांच्या कामाला मुख्य दरवाजाच नसणं हा वेडेपणा आहे, घरमालकांना चांगला मोबदला द्यावा आणि विषय संपवावा. यावर आम्ही रात्रीच्या जेवणापर्यंत भांडलो. ती पुण्यात रीडेव्हलपमेंटमध्ये गेलेल्या सोसायटीत राहते आणि तिला दोनाचे तीन बेडरूम मिळालेत, हे इथे नमूद करायला हवं.

बाकी, जाणार असाल तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा. खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका. सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा जा, म्हणजे काचांचा खेळ दिसेल. भर दुपार टाळा. खांदे झाकलेले हवेत. मनोऱ्यावर जायचं वेगळं तिकीट असतं, वर लिफ्टने जाता येतं पण उतरायला अरुंद गोल जिना आहे, चक्कर येणाऱ्यांनी विचार करावा. तळघरातलं म्युझियम घाईत सोडू नका, दोऱ्यांची ती उलटी टांगलेली कल्पना तिथे समजते. आणि पैसे नसतील तर रविवारी सकाळी नऊ वाजता मिस्सा असते, सगळ्यांना खुली आणि फुकट. जागा संपेपर्यंतच आत सोडतात, तेव्हा आठच्या आधी रांगेत उभे राहा. फोटो काढायला मात्र मिळत नाहीत.